बेबी ओढेल का?

बुधाजी मेस्त्रीला त्या दिवशी लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, बेबी ओढेल का? थांबेल का, असं कुणी विचारलं नव्हतं. पुढे वर्षभर तो स्वतःला हेच समजावत राहिला. दात घासताना समजावी, भाकरी मोडताना समजावी. आणि दर खेपेला समजावून झालं की त्याला वाटे, न विचारताही जे सांगायला हवं होतं, ते सांगू शकणारा माणूस अख्ख्या लालबागेत एकच होता. तो त्या वेळी पेढा खात होता.

बेबी म्हणजे शामराव किरांची बेबी ऑस्टिन. शामराव गिरगावातले. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क, लग्न न झालेले, आईबरोबर दोन खोल्यांत राहणारे. त्यांचा पारशी साहेब विलायतेला गेला तो जाताना ही मोटार त्यांच्या गळ्यात मारून गेला. मोटार लढाईच्या आधीची. आतलं इंजिन शिवणयंत्राएवढं, आणि आवाजही तसाच. गिरगाव चौपाटीवरून निघाली की केम्प्स कॉर्नरच्या चढावर शामराव खाली उतरत आणि तिच्या बरोबरीने चालत, कारण ते बसले की ती चालत नसे.

करी रोडच्या पुलाच्या पायथ्याशी, लाकडाच्या वखारीला चिकटून बुधाजीची शेड होती. बुधाजी मूळचा मालवणकडचा. आधी गिरणीत फिटर, मग मोटारींचा मेस्त्री. त्याने बेबीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, "शामराव, हिला औषध नको. हिला दुसरं काळीज बसवू या."

कुर्ल्याच्या भंगारातून त्याने एका चेपलेल्या फोर्डचं इंजिन आणलं. वजनाला जड, ताकदीला जवळजवळ दुप्पट. आता इंजिन बदलायचं म्हणजे घरात दुसऱ्याची सासू आणून बसवण्यासारखं असतं. ती एकटी येत नाही. आपला गिअरबॉक्स घेऊन येते, आपला रेडिएटर मागते, आणि येताक्षणी घरातल्या भिंती हलवायला लावते. बुधाजीने लोखंडी अँगल कापून नवे पाय केले, मधला शाफ्ट आखूड करून वेल्डिंग मारलं, रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. तरी बॉनेट मिटेना. तेव्हा गिरणीतल्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा घेऊन त्याने ते पोटाला पट्टा आवळावा तसं आवळलं. दोन महिने लागले. इंजिन सुरू झालं तेव्हा वखारीतली माणसं करवती खाली ठेवून ऐकायला आली.

राहिले होते फक्त ब्रेक.

जुन्या बेबीचे ब्रेक तारेचे. पायाखालचा दांडा दाबला की तार ताणायची आणि चाकातल्या पट्ट्या आवळायच्या. जुन्या इंजिनाला ते पुरत होते, त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. पण आता घोडा बदलला होता आणि लगाम तोच होता. शिवाय पट्ट्या झिजून नखासारख्या झालेल्या, तारा ढिल्या. ब्रेक ओढायचे म्हणजे पट्ट्या बदलून तारा ताणून घट्ट करायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. बुधाजीने ते शेवटी ठेवलं होतं, आणि शेवट आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी.

त्या संध्याकाळी त्याने दर वर्षीसारखी हत्यारं रॉकेलने धुतली. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सगळं फळीवर ओळीने मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. एकदा पूजेला बसली की दसऱ्याची आरती होईपर्यंत हत्यारं उचलायची नाहीत, ही त्याच्या बापापासूनची रीत. नवमीच्या सकाळी बायको सुंदराबाई नैवेद्य घेऊन शेडमध्ये आली तेव्हा तो बेबीकडे बघत डोकं खाजवत होता.

"काय झाला?" तिने विचारलं.

"ब्रेक ओढायचे राहिले गो. पण आता हत्यारं पूजेला बसलीत."

"करूचा असात तर करा. फुला बाजूक काढून ठेवा, काम झाला की परत वाहा. देव काय फौजदार आसा, दंड करूक?"

"रीत आहे ती," बुधाजी म्हणाला.

रीत होतीच. पण खरं सांगायचं तर त्याने त्या दिवशी धुतलेला कोट घातला होता. सकाळपासून सहा जण इंजिन ऐकायला येऊन गेले होते, आणि खुर्चीवर बसून "ऐका, ऐका, सुरात आहे की नाही?" म्हणायला त्याला फार बरं वाटत होतं. मोटारीखाली पाठीवर झोपलेल्या माणसाला कुणी शाबासकी देत नाही.

हे सत्तावन सालचं. सगळीकडे समितीचं वारं होतं. चाळीतल्या भिंती 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'ने भरलेल्या, जिन्याच्या वळणावरसुद्धा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, वरळीला सभा होती आणि लालबागचं कलापथक तिथे गाणार होतं. त्यांनी फळ्या ठोकून पुरुषभर उंचीचा महाराष्ट्राचा नकाशा केला होता, मुंबईच्या जागी लाल रंग दिलेला. तो नकाशा, भोंगा, बॅटरी आणि नऊ गाणारी-वाजवणारी माणसं एवढं सगळं वखारीच्या चारचाकी गाड्यावर चढणार होतं. गाडा हाकणारा दगडू ऐन वेळी डोक्याला हात लावून बुधाजीच्या शेडशी आला.

"बैल बसला, मेस्त्री. खुराला सूज. म्हणतो, आधी संयुक्त महाराष्ट्र द्या, मग उठतो."

तेवढ्यात शामराव आपल्या मोटारीची पूजा करायला नारळ घेऊन आले होते. दगडूने बेबीकडे मान वळवली. "काय हो साहेब, तुमची ही कोंबडी ओढेल का गाडा?"

"कोंबडी?" बुधाजी खुर्चीवरून उठलाच. "फोर्डचं काळीज आहे तिच्यात. ओढेल का काय विचारतोस? पुलासकट ओढेल!"

"मेस्त्री म्हणतात म्हणजे झालंच," शामराव हसून म्हणाले. त्यांनी तिथेच नारळ फोडला. गाड्याचा पुढचा दांडा काथ्याच्या दोराने बेबीच्या मागच्या पट्टीला बांधला. माणसं चढली. पुढच्या काठावर पाय सोडून बसला दौलत, मांडीवर ढोलकी घेऊन.

दौलत बुधाजीचा जुना दोस्त. गिरणीत रिंग खात्यावर होता, तुटलेलं सूत चालत्या चात्यांवर जोडण्यात त्याच्या बोटांना तोड नव्हती. आदल्याच वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झालेला. सकाळी वस्तीत वंदना करून तो इकडे आला होता. "बुधा," तो वरून ओरडला, "तुझ्या इंजिनाचा ठेका चुकतोय रे. मी देतो, त्याला म्हण माझ्या मागनं ये." आणि त्याने ढोलकीवर थाप मारली.

ब्रेक हा शब्द बुधाजीच्या जिभेवर आला होता. हे तो देवासमोर शपथेवर सांगेल. आला होता. पण तेवढ्यात कुणीतरी "मेस्त्री, तोंड गोड करा!" म्हणून त्याच्या तोंडात पेढा कोंबला. पेढा संपेपर्यंत बेबी गल्लीच्या तोंडाशी गेली होती.

पेढा गिळायला किती वेळ लागतो? थुंकायला किती?

पुलाचा चढ बेबीने असा काढला की रस्त्याकडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुधाजी गाड्यामागून कोट सावरत चालला होता आणि टाळ्या घेत होता. मग चढ संपला. उतार लागल्यावर ओढायचं काही उरलं नाही. आता तो गाडाच बेबीला ढकलू लागला. पुढे उतारावर मिरवणूक होती, बायका, पोरं, कडेवरची मुलं. शामरावांनी ब्रेक दाबला. बेबी गुरगुरली आणि चालतच राहिली.

पहिल्यांदा कळलं ते दौलतला. त्याने ढोलकी शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली, गाड्याला लटकवलेला लाकडाचा ओंडका ओढून काढला आणि खाली उडी मारली. पळत पळत त्याने ओंडका पुढच्या चाकाखाली सरकवला. गाडा थांबला. पण थांबताना दांडा आडवा फिरला आणि दौलतचा डावा हात दांडा आणि बेबीची पाठ यांच्या मध्ये सापडला.

मिरवणुकीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दौलतची तीन बोटं गेली.

त्याला इस्पितळात हलवल्यावर माणसं शामरावांभोवती जमली. ते अजून सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसले होते. "पाय कुठे होता तुमचा?" कुणीतरी दरडावलं.

"दाबला होता," शामराव म्हणाले. "दाबला होता मी... बहुतेक."

सगळे बुधाजीकडे बघू लागले. मेस्त्री तो. सांगायला दुसरं कोण होतं? आणि बुधाजी बोलला. अगदी मायेने बोलला, शामरावांच्या खांद्यावर हात ठेवून बोलला.

"घाबरले असतील साहेब. नवं इंजिन, सवय नाही. होतं असं."

बस, एवढंच. शिवी नाही, आरोप नाही. पण मेस्त्रीने सांगितलं म्हणजे निकालच लागला. संध्याकाळपर्यंत लालबागभर झालं, गिरगावचा साहेब घाबरला, पाय आखडला त्याचा. सगळ्यात वाईट म्हणजे शामरावांनी ते जसंच्या तसं खरं मानलं.

*

त्यानंतर दर रविवारी शामराव ट्रामने लालबागला येऊ लागले. हातात कधी खारी बिस्किटांचा पुडा, कधी मोसंबी. दौलतच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास बसायचे. दौलतची बायको मालन चहा करायची. बुधाजीही असायचा, कारण तो नाही असं कसं चालेल? दोस्त तो.

"तुम्ही कशाला येता हो साहेब दर वेळी?" दौलत म्हणायचा. "ट्रामवाला ओळखायला लागला असेल तुम्हाला."

"येतो आपला," शामराव म्हणायचे. "घरी बसून तरी काय?"

दौलत आता रिंग खात्यात सूत जोडत नव्हता, बॉबिनच्या टोपल्या वाहत होता. कलापथकात दुसरा ढोलकीवाला आला होता. पण बोलता बोलता दौलतचा उजवा हात बिस्किटाच्या डब्यावर थाप द्यायचा आणि डावा तिथल्या तिथे हलून गप्प व्हायचा. ठेक्याचा अर्धाच भाग ऐकू यायचा. उरलेला अर्धा बुधाजीला डोक्यात ऐकू यायचा, घरी जाईपर्यंत.

त्याने काय काय केलं नाही? टॅक्सीवाला तेल बदलायला आला की बुधाजी त्याचे ब्रेक आधी तपासायचा, न सांगता, फुकट. लोक हसायचे. "मेस्त्रीला ब्रेकचं वेड लागलं," दगडू म्हणायचा, "माझ्या बैलालासुद्धा ब्रेक बसवतील एक दिवस." दौलतच्या घरचं छप्पर गळत होतं ते बुधाजीने पत्रा आणून नीट केलं. मालन म्हणाली, "भावजी, सख्खा भाऊ एवढं करत नाही." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"जेवचा नाय तर सांगा, मांजराक घालतंय," सुंदराबाई म्हणाली. मग त्याच्याकडे बघत राहिली. "वरीसभर झोपेत दात चावतास तुमी. माका काय कळणा नाय?"

"काय कळतं तुला?"

"मी आसलंय त्या दिसा. फुला बाजूक काढा म्हणान मीच सांगलंय."

बुधाजीने मान खाली घातली. वर्षभर तो मनातल्या मनात यातला थोडा भार तिच्यावरही टाकत आला होता. घरातल्या रीतीभातीच आड आल्या, बायकांचं सोवळं, वगैरे वगैरे. ते तिने एका वाक्यात काढून घेतलं. "चुकलं गो माझं," तो म्हणाला.

"माका सांगान काय उपयोग?" ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. "माजी बोटां शाबूत आसत."

*

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी दोन दिवसांवर आली तेव्हा शामराव आडवारी शेडवर आले. बेबी वर्षभर कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "मोडून टाका तिला, मेस्त्री. इंजिन काढून दुसऱ्या कुणाला बसवा, बाकी भंगारात जाऊ दे. पूजेच्या आत होईल?"

"असं का करता? चांगली आहे मोटार."

"मोटार चांगलीच आहे. माणूस वाईट निघाला." शामराव हसले. ते हसू बघवत नव्हतं. "परवा बहिणीकडे गेलो होतो. तिचं तान्हं पोर जिन्यावरून खाली आणायचं होतं. मी म्हटलं, मला नका देऊ. माझा पाय ऐन वेळी काय करील ते मला सांगता येत नाही. ती बघतच राहिली माझ्याकडे. आई म्हणते, मोटार गेली की डोक्यातून जाईल. जाईल का हो?"

"जाईल," बुधाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शामराव गेल्यावर त्याने ताडपत्री काढली. बॉनेटचा चामडी पट्टा सोडला. पाना हातात घेऊन तो मोटारीखाली शिरला आणि पाठीवर पडून वर बघू लागला. डोळ्यांसमोर ब्रेकची तार लोंबत होती. त्याने बोटाने ओढली तर तमाशातल्या तुणतुण्यासारखी ढिली वाजली. वर्षभरात कुणी तिला हात लावला नव्हता. जशी त्या दिवशी होती, तशीच.

अर्ध्या दिवसाचं काम. पूर्वी ओढायचं होतं ते अर्ध्या दिवसाचं, आता तोडायचं तेही अर्ध्या दिवसाचं. तार भंगारात गेली, पट्ट्या उकिरड्यावर गेल्या की मग देवाचा बाप आला तरी बेबीकडून काही वदवू शकणार नव्हता. साक्षीदार तीच एक होती. बाकी सुंदराबाई, आणि ती काही बोलणार नाही. शामराव जिन्यांवरून पोरं न उचलता म्हातारे होतील. कुणी मरत नाही त्याने.

पाना नटाला लावून तो बराच वेळ तसाच पडून राहिला. इंजिनातला तेलाचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. मग तो बाहेर सरकला, पाना खाली ठेवला आणि वखारीत जाऊन दगडूला म्हणाला, "नवमीला दुपारी तुझा गाडा लागेल. ओंडक्यांनी भरून. आणि भुशाची पोती, असतील तेवढी."

"कशाला? आता कुणाची सभा?"

"माझी," बुधाजी म्हणाला.

*

शेड आणि वखार यांच्या मधली गल्ली पुलाकडून खाली उतरत येते आणि वखारीच्या भिंतीशी संपते. नवमीच्या दुपारी तिथे रहदारी नव्हती. भिंतीशी दगडूने भुशाची पोती छातीएवढी रचली. शेडमध्ये फळीवर हत्यारं पूजेला बसली होती, झेंडूंनी झाकलेली. शामरावांना बुधाजीने कचेरीत निरोप धाडून बोलावलं होतं. दौलतला तो स्वतः जाऊन घेऊन आला.

"काय रे, लग्न आहे का कुणाचं?" दौलतने विचारलं. "तोंड का असं सुतकी?"

बेबी गल्लीच्या वरच्या टोकाला उभी होती. बुधाजी शामरावांना म्हणाला, "बसा."

"मी? नाही, मेस्त्री. मी बसणार नाही."

"एकदाच बसा. परत आयुष्यात कधी सांगणार नाही."

"अहो, पण..."

"साहेब, मी पाया पडू का तुमच्या?"

शामराव बसले. "हळू सोडा," बुधाजीने सांगितलं, "आणि मी म्हटलं की दाबा." बेबी उतारावर निघाली. "दाबा!" शामरावांनी दाबला. बेबी कुरकुरत दहा-बारा पावलांवर थांबली. शामराव स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

मग सगळ्यांनी ढकलून ती परत वर नेली. आता मागे ओंडक्यांनी भरलेला गाडा बांधला, काथ्याच्या दोराने, त्या दिवशीसारखाच. बुधाजी दरवाजाच्या पायरीवर चढून उभा राहिला, शामरावांचा पाय दिसेल असा. "दौलत, तू इथे, माझ्या बाजूने चल. त्यांच्या पायावरची नजर काढू नकोस."

गाडी निघाली. "दाबा."

शामरावांनी दाबला. बेबी गुरगुरली. थांबली नाही.

"दाबलाय," शामराव म्हणाले. वेग वाढला. "दाबलाय हो! मेस्त्री, दाबलाय! दौलत, बघ तू, पूर्ण दाबलाय मी!"

"बघतोय," दौलत बरोबरीने धावत म्हणाला.

बेबी आणि मागचा गाडा दोन्ही भुशाच्या पोत्यांत घुसले. पोती फुटली, भुसा गल्लीभर उडाला. सगळे खोकत उभे राहिले. भुसा खाली बसला तेव्हा दिसलं, शामराव अजून जागेवरच होते, सुकाणू धरून, चष्म्यावर भुसा, आणि पाय अजून ब्रेकवर. शेवटपर्यंत दाबलेला.

"अजून दाबलेलाच आहे," ते हळूच म्हणाले.

बुधाजी पायरीवरून उतरला. रात्रभर त्याने बोलायची वाक्यं रचली होती, रीत, पूजा, प्रश्न काय विचारला आणि काय नाही. त्यातलं एकही आलं नाही.

"इंजिन बदललं," तो म्हणाला. "ब्रेक तसेच ठेवले. मला माहीत होतं. गाडा बांधताना माहीत होतं. दौलत पुढे बसला तेव्हाही. मग तुम्ही घाबरलात असं मी म्हटलं. तुम्ही घाबरला नव्हतात. मी घाबरलो होतो."

शामरावांनी चष्मा काढून भुसा पुसला. दगडू थट्टा न करता फुटकी पोती गोळा करू लागला, आणि ते त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडलं असावं.

"तुम्ही म्हणालात म्हणून," शामराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून बुधाजीला तो जास्त लागला. "मला आठवत होतं, मी दाबला होता. पण मेस्त्री म्हणतायत म्हणजे नसेल दाबला, असं धरलं मी. रोज रात्री आठवून बघायचो. हळूहळू आठवायचंच थांबलं."

दौलत वळून शेडमध्ये गेला. बुधाजी मागून गेला, कारण तिथे उभं राहणं कठीण होतं आणि कुठे जावं ते कळत नव्हतं. दौलत फळीसमोर उभा होता. झेंडू, हळदकुंकू, खाली चकचकीत पाने.

"आज नवमी ना तुमची?"

"हो."

"तेव्हाही हत्यारं पूजेलाच बसली होती. म्हणून राहिले होते ब्रेक?"

"म्हणून नाही," बुधाजी म्हणाला. "ते नुसतं पुढे केलं मी. आळस केला. लोक वाहवा करत होते."

दौलतने डाव्या हाताची उरलेली दोन बोटं फळीच्या कडेवर टेकवली. "वर्षभर माझ्या घरचा चहा प्यालास रे. माझ्या डोक्यावर पत्रा घातलास. मी मालनला म्हणायचो, बुधासारखा दोस्त नाही. मला राग येतोय का नाही ते मला आज कळत नाही. उद्या येईल. परवा येईल. आला की येईन तुझ्याकडे, तेव्हा घरी राहा."

"राहीन."

"उचल आता."

"काय?"

"हत्यार उचल. त्या मोटारीचे ब्रेक ओढ. उद्या कुणीतरी परत विचारील, ओढेल का, आणि तू परत पेढा खाशील."

बुधाजी फळीकडे बघत राहिला. बापाने कधी उचललं नव्हतं, त्याने कधी उचललं नव्हतं. दारात सुंदराबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तिने ताट खाली ठेवलं, पुढे होऊन दोन्ही ओंजळींनी पान्यांवरची फुलं बाजूला केली आणि पदराला हात पुसले.

बुधाजीने पाना उचलला. जॅक उचलला. धुतलेला कोट काढून खुंटीला अडकवला.

भुशातून मागे ओढलेल्या बेबीखाली तो पाठीवर शिरला. खालून त्याला जगातलं काही दिसत नव्हतं, फक्त पाय. दौलतच्या चपला होत्या, शामरावांचे काळे बूट होते. चपला थोडा वेळ थांबल्या. मग वळल्या आणि गल्लीने वर, पुलाकडे निघून गेल्या. ना घाईत, ना सावकाश. तो त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला.

बूट तिथेच होते. भुशात उभे. आता हेही वळतील, असं समजून बुधाजीने पाना तारेच्या नटाला लावला आणि आवळायला सुरुवात केली. डोळ्यांत भुसा गेला होता, त्यामुळे पाणी येत होतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

पुन्हा पाहिलं तर बूट नव्हते. ट्रामकडे गेले असतील. मग मोटार जरा खाली दबली, वरच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी आत बसलं होतं.

बुधाजी वाट बघत राहिला.

"दाबा," तो शेवटी म्हणाला.

तार त्याच्या कपाळावरून ताणली गेली, पण अजून पुरती नाही. त्याने नट आणखी एक वेढा फिरवला.

"सोडा," तो म्हणाला. "परत दाबा."